वर्षाची साठवण : स्वयंपाकघरातील आवर्ती ठेव

मार्च महिना बँकांमध्ये जसा हिशेब मिळवण्याचा, तसाच मराठी घरांमध्ये तो कोठ्या रिकाम्या करून उन्हात ठेवण्याचा. जुने धान्य तळाशी किती उरले, किती किडले आणि नवे किती भरायचे, याचा ताळेबंद याच सुमारास मांडला जातो. गहू बाजारात येतो, हळद आणि मिरची येते, पाठोपाठ तूरडाळ भरली जाते आणि गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे वाळू लागतात. नोकरीनिमित्त इंदूर, बडोदे वा हैदराबाद येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीही ही रीत पुष्कळ अंशी जपली आहे. पूर्वीच्या पिढ्यांजवळ पेव होते, बळद होते, कणग्या होत्या. आज त्यांची जागा पत्र्याच्या कोठीने, हवाबंद डब्याने आणि शीतकपाटातील वरच्या कप्प्याने घेतली आहे. साधने बदलली, तरी प्रश्न जुनाच आहे. मोजक्या मिळकतीत घरातील सर्वांना पोटभर आणि चांगले अन्न बारा महिने कसे द्यावे?

हा प्रश्न लहान नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण कुटुंबांच्या दरडोई मासिक खर्चापैकी सुमारे ४७ टक्के आणि शहरी कुटुंबांच्या खर्चापैकी सुमारे ४० टक्के भाग अन्नपदार्थांवर जातो. घरभाडे, शाळेची फी आणि कर्जाचा हप्ता यांत गृहस्थाला हात घालता येत नाही. ज्या खर्चावर त्याचा रोजचा ताबा चालतो, असा सर्वांत मोठा खर्च म्हणजे स्वयंपाकघराचा. म्हणूनच साठवणीकडे केवळ परंपरा म्हणून न पाहता गुंतवणूक म्हणून पाहणे उपयुक्त ठरते.

एका कोठीचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. समजा, चौघांच्या कुटुंबाला महिन्याला १२ किलो, म्हणजे वर्षाला १४४ किलो गहू लागतो. हंगामात तो ३२ रुपये किलोने मिळाला आणि महिन्याच्या महिन्याला घेतल्यास वर्षभराचा सरासरी दर ३६ रुपये पडला, असे धरू. एकदम खरेदीला ४,६०८ रुपये लागतील आणि किलोमागे ४ रुपयांप्रमाणे ५७६ रुपये वाचतील. मात्र तेवढी रक्कम आधी गुंतून पडते. गहू हळूहळू संपत असल्याने सरासरीने निम्मी रक्कम, म्हणजे सुमारे २,३०० रुपये, वर्षभर अडकली असे मानता येईल. बचत खात्याचे व्याज ३ टक्के धरले, तर सुमारे ६९ रुपयांवर पाणी सोडावे लागते. निव्वळ बचत उरते ती ५०७ रुपयांची.

आता कोठीत ओल शिरली आणि दहा टक्के गहू किडला असे समजू. १४.४ किलो गव्हाचे ४६१ रुपये वजा जाता हातात उरतात फक्त ४६ रुपये! वर्षभराच्या खटाटोपाचे हेच काय ते फळ. याउलट, हीच खरेदी क्रेडिट कार्डावर केली, थकबाकी वर्षभर हळूहळू फेडली आणि व्याजदर महिना साडेतीन टक्के असला, तर व्याजच साडेनऊशे रुपयांच्या पुढे जाते. स्वस्त गहू मग बाजारातील सर्वांत महाग गहू ठरतो.

या छोट्या गणितात साठवणीचे सारे मर्म सामावले आहे. घाऊक खरेदीतील फायदा बारीक असतो. पैसा स्वतःचा असेल, अंदाज नेमका असेल आणि नासाडी होणार नसेल, तरच तो पदरात पडतो. यांपैकी पहिल्या अटीवर सोपा उपाय आहे. मे महिन्यापासून दरमहा ४०० रुपयांची आवर्ती ठेव सुरू केली, तर पुढील एप्रिलमध्ये ४,८०० रुपये आणि वर थोडे व्याज हाती येते. वर्षाचा गहू कोणापुढेही हात न पसरता घरात येतो आणि त्या महिन्याचा पगारही शाबूत राहतो.

काय भरावे, किती भरावे

भाव वाढतील या धास्तीने भरलेले धान्य ही साठवण नव्हे, ती सट्टेबाजी. २०१५ मध्ये तूरडाळीचा किरकोळ भाव किलोला २०० रुपयांच्या घरात गेला, तेव्हा अनेकांनी मिळेल तेवढी डाळ घरात आणली. पुढच्याच, म्हणजे २०१६-१७ च्या हंगामात तुरीचे विक्रमी पीक आले आणि घाऊक भाव हमीभावाच्याही खाली घसरले. बाजाराचा अंदाज भल्याभल्यांना येत नाही. स्वतःच्या घराला महिन्याला किती डाळ लागते, हे मात्र कोणालाही तीन महिन्यांच्या नोंदींवरून कळू शकते. साठवण करायची ती याच आकड्यावर.

शिवाय प्रत्येक जिन्नसाचे आयुष्य वेगळे असते. अखंड गहू, ज्वारी आणि तांदूळ वर्षभर टिकतात. तांदूळ तर जुना झाल्यावर अधिक मोकळा शिजतो. पीठ मात्र लवकर उतरते. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते, म्हणून धान्य अखंड ठेवावे आणि दळण आठवड्या-पंधरवड्याचेच काढावे. रवा, मैदा, शेंगदाणे, सुके खोबरे आणि तेल यांची वर्षाची भरती करू नये. तेल आणि दाणे खवट होतात, रव्याला जाळी धरते. बुरशी आलेले शेंगदाणे निवडून वापरणेही धोक्याचे, कारण त्या बुरशीतील विष भाजूनही पूर्णपणे जात नाही.

भाव पाहताना सुटे आणि पाकीटबंद यांतील फरकही ध्यानात घ्यावा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद व लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. सुटे विकले जाणारे धान्य त्यातून वगळण्यात आले. अर्थात सुट्या धान्यात खडे व कचरा असेल, तर निवडल्यानंतर जे वजन उरते त्यावरून खरा भाव काढावा. गव्हाच्या जातीचाही विचार करावा. गुजरातेतील सणोसरा येथील लोकभारती संस्थेत विकसित झालेला लोकवन आणि मध्य प्रदेशातील सिहोरचा शरबती या दोहोंच्या दरांत बरेच अंतर असते. पोळी कोणती आवडते हे पाच-दहा किलो आणून आधी पाहावे, मगच पोते उतरवावे.

कीड आणि ओल यांच्याशी सामना

साठवणीचा खरा शत्रू भाववाढ नसून ओल आहे. धान्य कडक उन्हात वाळवून पूर्ण निवल्यानंतरच कोठीत भरावे. गरम धान्य भरले तर झाकणाखाली घाम धरतो आणि तेथूनच बुरशी व किडीची सुरुवात होते. कोठी जमिनीवर न ठेवता लाकडी पाटावर ठेवावी आणि तिला भिंतीपासून थोडे अंतर असावे. गव्हाला व तुरीच्या डाळीला तळहाताने एरंडेल चोळण्याची आणि थरांमध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला घालण्याची पद्धत घराघरांत आहे. पाला मात्र पुरता वाळलेला असावा, अन्यथा ओल तोच आत नेतो. मूग, हरभरा, चवळी अशा अखंड कडधान्यांवर भुंगेरा अंडी घालतो, त्यामुळे त्यांची डाळीपेक्षा अधिक काळजी घ्यावी लागते. लहान प्रमाणातील कडधान्य किंवा रवा पिशवीत बंद करून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवल्यास अंड्यांसह कीड मरते. बाहेर काढल्यावर पिशवी नेहमीच्या तापमानाला आल्यानंतरच उघडावी, म्हणजे दव आत धरत नाही.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. धान्यात टाकण्यासाठी काही ठिकाणी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरल्या जातात. हवेतील ओलाव्याशी संयोग होताच त्यांतून फॉस्फिन हा अतिविषारी वायू निघतो आणि बंद घरात झोपलेल्या माणसांचे त्याने प्राण गेले आहेत. या गोळ्या घरात कदापि आणू नयेत. पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडर यांपासूनही खाण्याचे धान्य दूरच ठेवावे. किलोमागे चार रुपये वाचवण्यासाठी जिवाची जोखीम पत्करण्यात शहाणपण नाही.

शीतकपाटातील शिल्लक

वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणातील आणखी एक निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. अन्नावरील खर्चात सर्वांत मोठा वाटा धान्याचा नसून पेये आणि तयार, प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांचा आहे. म्हणजे गव्हाच्या पोत्यावर वर्षात पाचशे रुपये वाचवणारे कुटुंब दोन संध्याकाळी बाहेरून जेवण मागवते आणि ती बचत तेथेच संपते. पती-पत्नी दोघेही नोकरीला असलेल्या घरात हे चैनीपोटी क्वचितच घडते. बहुधा ते थकव्यापोटी घडते. सायंकाळी साडेसात वाजता घरी पोचलेल्या माणसाला वाटण वाटून, छोले भिजवून स्वयंपाक करणे जमत नाही. फ्रीझरचा खरा उपयोग येथे आहे.

त्यासाठी निराळा डीप फ्रीझर घेण्याची गरज नाही. त्याची किंमत आणि विजेचे बिल भरून निघेल एवढी बचत लहान कुटुंबात सहसा होत नाही. नेहमीच्या शीतकपाटातील वरचा कप्पा पुरेसा आहे, मात्र त्याचे तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. रविवारी एक किलो छोले किंवा राजमा एकदमच भिजवून शिजवला आणि चार भाग करून ठेवला, तर चार वेळा कुकर लावण्याचा गॅस वाचतो. कांदा-खोबऱ्याचे वाटण, आले-लसणाचे वाटण, खवलेला ओला नारळ, चिंचेचा कोळ, मोड आलेली कडधान्ये, पुरण आणि आमरस हे सारे या कप्प्यात उत्तम राहते. काकडी, दही आणि रश्श्यातील बटाटा यांचा पोत मात्र गोठवल्यावर बिघडतो.

हिवाळ्यातील मटार हा या कप्प्याचा मानाचा पाहुणा. दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावेत, फडक्यावर कोरडे करावेत आणि पिशवीत पातळ थराने भरावेत. रंग आणि गोडवा टिकतो. मात्र येथेही हिशेब नीट करावा. शेंगांच्या वजनाच्या निम्मेच, किंबहुना त्याहूनही कमी, दाणे निघतात. ४० रुपये किलोच्या शेंगा म्हणजे ८० ते १०० रुपये किलोचे दाणे. गोठवलेल्या मटाराच्या पाकिटाशी तुलना करायची ती या भावाची.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. शिजवलेले अन्न, विशेषतः भात, दोन तासांच्या आत थंड करून आत ठेवावे. एका जेवणाला लागेल तेवढाच डबा भरावा आणि त्यावर पदार्थाचे नाव व तारीख लिहावी. गोठलेले अन्न ओट्यावर न ठेवता खालच्या कप्प्यात सावकाश सुटू द्यावे, वापरण्यापूर्वी खळखळून गरम करावे आणि एकदा सुटलेले पुन्हा गोठवू नये. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत फ्रीझरवर फार विसंबू नये. तेथे वाळवणे आणि लोणची हाच अधिक भरवशाचा मार्ग.

एकट्याला जमत नसेल तर

ज्याच्या हाती एकरकमी पैसा आहे, त्यालाच घाऊक भाव मिळतो. रोजंदारीवर जगणारे कुटुंब पावशेर डाळ आणि छटाकभर तेल घेते आणि किलोमागे सर्वांत जास्त दाम तेच मोजते. जागेची अडचणही त्यालाच अधिक. या कोंडीतून सुटण्याचा मार्ग सहकारात आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट बांधून किराण्याची एकत्रित खरेदी व वाटप करण्याची पद्धत रुजवली. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, त्यातून खेडोपाडी महिलांचे गट उभे राहिले. अशा गटातील दहा-बारा कुटुंबांनी मिळून हंगामात चार-पाच क्विंटल धान्य उचलले, तर प्रत्येकीच्या वाट्याला लहान पिशवी येते, पण भाव मोठ्या पोत्याचा मिळतो. शहरातील गृहनिर्माण संस्थांनाही हे सहज जमण्यासारखे आहे.

नासाडी म्हणजे उणे व्याज

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतातील घरांमध्ये दरडोई वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते. चौघांच्या कुटुंबाचा हा आकडा २२० किलोंवर जातो, म्हणजे वरील उदाहरणातील वर्षभराच्या गव्हापेक्षाही अधिक! घाऊक खरेदीतून मिळणारी सूट आणि कचऱ्याच्या डब्यात जाणारे अन्न या दोहोंची तुलना केली, तर प्रथम लक्ष कोठे द्यावे हे निराळे सांगायला नको.

त्यासाठी दुकानदाराचा एक साधा नियम पुरेसा आहे. जे आधी आले ते आधी वापरावे. नवे धान्य जुन्यावर कधीही ओतू नये. कोठीच्या दारावर एक कागद लावून त्यावर भरल्याची तारीख, वजन आणि दर महिन्याची शिल्लक लिहावी. पासबुकातील नोंदी जशा पाहिल्या जातात, तशा त्या महिन्यातून एकदा पाहाव्यात. आठवड्यातला एक दिवस काहीही नवे न आणता घरात आहे त्यातूनच स्वयंपाक करण्याचा ठरवावा. तळाशी पडलेली अर्धी वाटी मसूर आणि मूठभर वाल यांची मिश्र उसळ मुलेही आवडीने खातात.

थेंबे थेंबे तळे साचते हे खरे, पण तळ्याचा बांध फुटका असेल तर थेंबांचा काय उपयोग? दरमहा थोडे बाजूला टाकणे, गरजेपुरते भरणे आणि भरलेले संपूर्ण वापरणे, ही तीन पथ्ये ज्या घराने अंगी बाणवली, त्या घराला महागाईची झळ लागली तरी चटका बसत नाही. पावसाळ्यात बाहेर भाव चढलेले असताना कोठीत हात घालून मापटेभर धान्य काढता येणे, हे समाधानही काही थोडे नाही.