काकाच्या सीडीतला 'डेव्ह' नव्या लॅपटॉपवर का चालत नाही?

कोल्हापुरात राजारामपुरीच्या सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन गेम खेळलेली पिढी आता चाळिशीकडे आलीय. त्यांच्या कपाटात 'डेंजरस डेव्ह', 'प्रिन्स ऑफ पर्शिया', 'रोड रॅश'च्या सीडी अजून सापडतात. आमच्या काकाची अशीच एक सीडी निघाली. सगळ्या फाइल कॉपी झाल्या, पण 'डेव्ह'वर डबल क्लिक केलं की विंडोज ११ सांगतं, हे ॲप या पीसीवर चालणार नाही. सीडी खराब नाही भावा, भानगड वेगळी आहे.

सगळ्या 'ईएक्सई' फाइल एकसारख्या नसतात. नोटपॅडमध्ये उघडून बघा, पहिली दोन अक्षरं एम आणि झेड दिसतील. डॉसचा हा फॉरमॅट बनवणाऱ्या मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरं! पुढे विंडोज १ च्या काळात 'एनई' आला, १९९३ च्या विंडोज एनटीबरोबर 'पीई' आला. सुरुवात तिघांचीही एमझेडनंच होते, खरी ओळख आत असते. थोडं खाली 'हा प्रोग्रॅम डॉस मोडमध्ये चालणार नाही' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य दिसलं, तर ती बहुतेक पीई.

डॉस आणि एनईवाले गेम १६ बिटच्या जमान्यातले. ३२ बिट विंडोजमध्ये त्यांच्यासाठी वेगळी सोय होती. ६४ बिटमध्ये ती काढून टाकली, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच मिळतं. 'रोड रॅश'ची पीसी आवृत्ती १९९६ ची, विंडोज ९५ साठीची. त्या काळच्या बऱ्याच गेमचं असं होतं की गेम ३२ बिट, पण सेटअपची फाइल १६ बिट. म्हणजे गेम चालला असता, पण इन्स्टॉलच होत नाही!

डॉसच्या गेमवर उपाय डॉसबॉक्स. हे फुकटचं सॉफ्टवेअर जुना प्रोसेसर, साउंड कार्ड, सगळ्याची नक्कल करतं. म्हणून ते ॲंड्रॉइडवरही चालतं, प्ले स्टोअरवर 'मॅजिक डॉसबॉक्स' शोधा. लॅपटॉपनं नाकारलेला डेव्ह फोनवर उड्या मारतो! पीसीवर गेम फार सुसाट पळाला तर कंट्रोल आणि एफ११ दाबून वेग कमी करा.

एक मात्र सांगतो, 'विंडोज ११ साठी दुरुस्त केलेला डेव्ह' म्हणून कुठलीही ईएक्सई उतरवू नका. आत काय भरलंय ते कळत नाही. काकाचीच सीडी वापरा, आणि ती वाचली जातेय तोवर पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा.