एका अक्षराचे दोन उच्चार

देवनागरीतील ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’ ही अक्षरे मराठीत प्रत्येकी दोन ध्वनी वाहतात: ‘चंद्र’मधला तालव्य, म्हणजे जीभ टाळूला टेकून होणारा, आणि ‘चूल’मधला दंततालव्य, म्हणजे जीभ दातांकडे सरकून होणारा. त्यामुळे ‘जग’ हे विश्व की जगण्याची आज्ञा, हे वाचक केवळ संदर्भावरून ठरवतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले ‘चरण’, ‘जय’ यांसारखे शब्द तालव्यच राहिले. मात्र ‘घरचा’मधला दंततालव्य ‘च’ ‘घरची’, ‘घरच्या’ होताच, ‘ई’ आणि ‘य’ यांचे स्थान टाळूजवळ असल्याने, तालव्य होतो. शेजारच्या तेलुगूतही हे दोन्ही ध्वनी आहेत, आणि तिथेही इ-ए या स्वरांपूर्वी तालव्यच ऐकू येतो. लिपी भेद दाखवत नाही, तरी मराठी मूल तो अचूक पाळते, हे खरोखर विलक्षण आहे.