हक्काची खाट

भरधाव मोटारीनं एका स्कूटरस्वाराला उडवलं. वाटेवरच्या एका माणसानं त्याला उचलून जवळच्या रुग्णालयात नेलं. ‘ही पोलीस केस आहे, आम्हाला परवानगी नाही,’ असं म्हणत डॉक्टरांनी त्यांना वीसेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं. तिथं पोचण्याआधीच स्कूटरस्वाराचा जीव गेला. ही बातमी वाचून पंडित परमानंद कटारा यांनी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. 28 ऑगस्ट 1989 रोजी न्यायालयानं बजावलं की आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे सोपस्कार नंतर. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टर या कर्तव्यानं बांधलेला आहे.

हा निकाल अनुच्छेद 21 वर, म्हणजे जगण्याच्या हक्कावर उभा आहे. आरोग्याचा थेट उल्लेख घटनेत अनुच्छेद 47 मध्ये येतो. पण तो मार्गदर्शक तत्त्व म्हणून. त्याच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. ही उणीव न्यायालयांनी एकेका खटल्यातून भरून काढली. 1992 मध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या बंगालमधल्या एका शेतमजुराला कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयांनी ‘खाट नाही’ म्हणून परत पाठवलं. त्याच्या प्रकरणात 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं: वेळेवर उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसे नसल्याची सबब सरकारला सांगता येणार नाही.

मग खासगी रुग्णालयांचं काय? याचं उत्तर दिल्लीच्या सातबाऱ्यात दडलेलं होतं. राजधानीतल्या अनेक मोठ्या रुग्णालयांना सरकारनं सवलतीत जमिनी दिल्या होत्या. त्या बदल्यात गरिबांवर मोफत उपचार व्हायचे होते. रुग्णालयांच्या इमारती उभ्या राहिल्या, अट मात्र कागदावरच राहिली. ॲड. अशोक अग्रवाल यांच्या ‘सोशल ज्युरिस्ट’ संस्थेच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयानं 22 मार्च 2007 रोजी आदेश दिला: 10 टक्के खाटा आणि बाह्यरुग्ण विभागातले 25 टक्के रुग्ण पूर्णपणे मोफत. औषधं आणि शस्त्रक्रियेचं साहित्यही त्यात आलं.

दिल्लीतल्याच सरिता विहारच्या अपोलो रुग्णालयाला तर 15 एकर जागा 1 रुपया नाममात्र भाड्यानं मिळाली होती. करारानुसार एकतृतीयांश खाटा मोफत ठेवायच्या होत्या. ते होत नसल्याचं पाहून 2009 मध्ये उच्च न्यायालयानं रुग्णालयाला दंड ठोठावला. त्या खंडपीठाचे प्रमुख होते मूळचे सोलापूरचे मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा.

काही जुन्या रुग्णालयांचा युक्तिवाद होता की आमच्या भाडेपट्ट्यात अशी अटच नाही. 2014 मध्ये उच्च न्यायालयानं तो मान्यही केला. मात्र 9 जुलै 2018 रोजी, मूलचंद रुग्णालयाच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. लोकांची जमीन सवलतीत घेतली, तर लोकांचं देणंही फेडावं लागेल, हा त्या निकालाचा गाभा. म्हणून या खाटेला मी दान म्हणत नाही. तिची किंमत जनतेनं जमिनीच्या रूपानं आधीच मोजली आहे.

महाराष्ट्रातही हा हक्क आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 कक आणि मुंबई उच्च न्यायालयानं मंजूर केलेल्या 2006 च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत. त्यासाठी बिलांच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करायची आहे. तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करून घ्यायचं आहे, आणि निर्धन रुग्णाकडून अनामत रक्कम मागायची नाही.

पण विचारणारा माणूस नसेल तर ही खाट रिकामी राहते, किंवा दुसऱ्याला जाते. तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशींना, सोसायटीच्या वॉचमनला, गावाकडच्या नातेवाइकांना हे सांगा. वेळ आली तर रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन त्यांच्यासोबत जा, आणि नकार मिळाला तर धर्मादाय आयुक्तांकडे लेखी तक्रार करा.