सुजलेला गुडघा आणि सहा आठवडे

सकाळी उठल्यावर मूल लंगडतं, जिना उतरताना भिंत धरतं आणि दहा-अकरा वाजेपर्यंत गल्लीत धावायलाही लागतं. घरचे म्हणतात, ‘वाढीचं दुखणं आहे, जाईल.’ बुऱ्हाणपूरच्या यंत्रमागांच्या वस्तीत आधी तेलमालीश, मग हाडवैद्य, मग दुखण्याची गोळी, असेच महिने जातात. पण वाढीचं दुखणं रात्री येतं, सकाळी उरत नाही आणि त्याने सांधा सुजत नाही. सोळा वर्षांखालच्या मुलाचा सांधा सहा आठवडे सुजलेला राहिला आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर तो बालसंधिवात.

संधिवात म्हातारपणी होतो, ही समजूत फार खोलवर रुजली आहे. लंडनच्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ मध्येच २२ मुलांच्या अशा आजाराचं वर्णन केलं होतं. पुढे अनेक दशकं हाताशी होतं ते ॲस्पिरिन आणि नंतर स्टेरॉइड. स्टेरॉइडने सूज उतरते, पण ते लांबलं तर मुलाची उंची खुंटते. मग मेथोट्रेक्झेट आलं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज दिली तर जिवावर बेतू शकतं.

१९९९ मध्ये अमेरिकेत इटॅनरसेप्ट या बायोलॉजिक औषधाला मुलांसाठी मान्यता मिळाली. मेथोट्रेक्झेटने न भागलेल्या ६९ मुलांपैकी ५१ जणांना तीन महिन्यांत चांगला उतार पडला होता. आपल्या बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात, म्हणजे जमिनीखालून जोडलेल्या कुंड्यांच्या पाणीव्यवस्थेत, वरच्या अंगाला पाणी अडवलं की खालच्या कुंड्या ओसरतात. तसं हे औषध सूज भडकवणाऱ्या टीएनएफ नावाच्या प्रथिनालाच अडवतं. रोज ताप चढणाऱ्या, अंगावर पुरळ उठणाऱ्या प्रकारात टोसिलिझुमॅब वापरतात. या आजारात काही मुलांच्या डोळ्यांनाही दाह होतो; तो मेथोट्रेक्झेटला जुमानत नसेल, तर ॲडालिमुमॅब. हा दाह फसवा असतो: डोळा लाल होत नाही, दुखत नाही आणि नजर जाते. म्हणून लहानग्यांचे डोळे दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पवर तपासून घ्यायलाच हवेत.

ॲडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ बायोलॉजिक औषधासारखंच औषध, अहमदाबादच्या झायडसने डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणलं, मूळ औषधाच्या अमेरिकेतील किमतीच्या सुमारे पाचव्या हिश्शात. तरीही यंत्रमाग कामगाराला ते परवडत नाही. आयुष्मान कार्डावर पाच लाखांचं संरक्षण मिळतं, पण ते मुख्यतः दाखल रुग्णांसाठी. पंधरवड्याला घरी टोचायचं इंजेक्शन त्यात सहसा बसत नाही. ही उणीव सरकारने भरून काढली पाहिजे.

हे इंजेक्शन सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी टाळता येत नाही, कारण या औषधाने शरीरात दबून राहिलेला क्षय उफाळू शकतो. जिवंत लशींबद्दलही डॉक्टरांना आधीच विचारावं.

औषध मुंबईहून आणायचं, तर ती बुऱ्हाणपूरहून रेल्वेने सुमारे ५०० किलोमीटर. वाटेतही ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं, पण गोठता कामा नये. बर्फाला थेट टेकलेली सिरिंज वाया जाते. त्यामुळे मे महिन्यात प्रवासात बर्फाची पिशवी आणि सिरिंज यांच्यामध्ये कापडाची घडी ठेवावी. टोचण्याआधी अर्धा तास सिरिंज फ्रिजबाहेर काढली तर कमी झोंबतं. मांडी किंवा पोट, आणि दर वेळी जागा बदलून.

औषध वेळेत सुरू झालं तर ही मुलं शाळेत जातात, खेळतात. उशीर झाला तर वाकडा झालेला सांधा कोणतंही इंजेक्शन सरळ करत नाही. तेव्हा तुमच्या घरात, शेजारी किंवा वर्गात सकाळी लंगडणारं मूल दिसलं, तर सहा आठवडे संपण्याचीही वाट पाहू नका. त्याला बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि संधिवाततज्ज्ञांच्या नावाची चिठ्ठी मागून घ्या.