लॅपटॉप, मोठा मॉनिटर आणि मोडीचे बारीक अक्षर

लॅपटॉपला जोडलेल्या मॉनिटरवर अक्षर धूसर दिसले, तर पहिला संशय रेझोल्यूशनवर घ्यावा. पडद्यावरचे पिक्सेल कारखान्यातच मोजून बसवलेले असतात. १९२० × १०८० पिक्सेलच्या मॉनिटरला लॅपटॉपने १०२४ × ७६८चे चित्र पाठवले, तर ते ताणून बसवले जाते. कडा पसरतात आणि गोल शिक्का लंबगोल होतो.

हा दोष सर्वांत जास्त नडतो तो जुन्या कागदांच्या स्कॅनवर. धार आणि देवास या पवारांच्या संस्थानांत मराठी कारभार मोडी लिपीत चाले. आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग शक्यतो हात न उचलता लिहीत जायचे, त्यामुळे एका अक्षराचे शेपूट पुढच्या अक्षरात शिरते. देवासात तर तुकोजी आणि जिवाजी या भावांपासून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन घराणी एकाच गावातून राज्य करत होती. कागद कोणत्या पातीचा हे ठरवताना शिक्क्यातले अक्षर लागावे लागते. त्यासाठीच मोठा मॉनिटर घ्यायचा आणि त्यावर नेमके तेच लागू नये, हे फार जिवाला लागते.

सुरुवात सेटिंगपासून करावी. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या पानावर तो मॉनिटर निवडून ‘रेकमेंडेड’ लिहिलेले रेझोल्यूशन घ्यावे. अक्षर लहान वाटते म्हणून रेझोल्यूशन उतरवणे ही घरोघरची सवय सोडून द्यावी; त्यासाठी स्केल १२५ किंवा १५० टक्के करणे हाच योग्य उपाय. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र ठेवले असेल, तर १३६६ × ७६८चा लॅपटॉप मोठ्या मॉनिटरलाही खाली ओढतो. विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडावे.

योग्य रेझोल्यूशन यादीतच नसेल, तर गोष्ट ईडीआयडीपाशी येते, आणि या सगळ्या विषयातला खरा रस तिथेच आहे. ईडीआयडी म्हणजे मॉनिटरमधल्या एका चिपवर कोरलेली १२८ बाइटची मूळ माहिती. लॅपटॉप केबलमधून ती वाचतो आणि त्यावरून कोणते चित्र पाठवायचे ते ठरवतो. तिचे पहिले आठ बाइट ठरलेले असतात: एक शून्य, सहा वेळा २५५, पुन्हा शून्य. पुढे कंपनीची तीन अक्षरे येतात. एलजीच्या मॉनिटरमध्ये तिथे अजूनही ‘जीएसएम’ सापडते, कारण कंपनीचे जुने नाव गोल्डस्टार होते. निर्मितीचे साल १९९०पासून मोजतात. २९ हा आकडा म्हणजे २०१९. नंतर मॉनिटरचे पसंतीचे रेझोल्यूशन येते. शेवटचा बाइट असा निवडलेला असतो, की १२८ बाइटांच्या बेरजेला २५६ने पूर्ण भाग जावा. मराठी कागदाच्या अखेरीस मोर्तब असते, तसाच हा बाइट. लिनक्सवर ‘ईडीआयडी-डिकोड’ या प्रोग्रॅमने हे सगळे वाचता येते, आणि एकदा तरी वाचून पाहावेच.

ही माहिती पोचली नाही, की लॅपटॉप बहुधा १०२४ × ७६८सारखे सुरक्षित रेझोल्यूशन धरतो. व्हीजीए केबलमध्ये ती १२ आणि १५ क्रमांकांच्या पिनांतून जाते. स्वस्त केबलमध्ये या पिना कधी नसतातच, कधी वाकलेल्या असतात. मॉनिटरची वीज मिनिटभर काढून पुन्हा जोडावी. फरक पडला नाही तर केबल बदलावी.

बाकी कारणे थोडक्यात. एचडीएमआय १.४चा पोर्ट ३८४० × २१६०चे चित्र सेकंदाला ३० वेळाच दाखवतो आणि माउसचा बाण अडखळतो. ६० वेळांसाठी २.० लागते. यूएसबी-सीचे अनेक स्वस्त अॅडॉप्टर इथेच अडतात. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॉप्टर’ दिसले, तर लॅपटॉप कंपनीचा ड्रायव्हर टाकावा. टीव्ही जोडून कडा कापल्या जात असतील, तर टीव्हीच्याच मेनूत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधावे.

सगळे जुळल्यावर स्कॅन १०० टक्के आकारात उघडावा. तरीही शिक्का पुसट दिसला, तर दोष बहुधा स्कॅनचा आहे. तेवढा भाग ६०० डीपीआयने पुन्हा स्कॅन करावा.