पहिला डीएसएलआर कॅमेरा : निवड कशी करावी?



शटरचा वेग, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ या तिहींचा परस्परसंबंध आपण यापूर्वी समजून घेतला आहे. त्या ज्ञानाचा उपयोग आता एका व्यावहारिक प्रश्नासाठी करावयाचा आहे : हौशी छायाचित्रणासाठी पहिला डीएसएलआर घेताना नेमके काय पाहावे? तुमच्यापैकी अनेकजण नोकरी किंवा शेती सांभाळून शिकत आहेत. कॅमेऱ्यासाठी बाजूला काढलेली रक्कम पुन्हा लवकर जमेलच असे नाही. खरेदी चुकली, तर कॅमेरा कपाटात जातो आणि हौसही त्याच्याबरोबर जाते. म्हणून हा केवळ बाजारभावाचा प्रश्न नाही.

डीएसएलआर म्हणजे डिजिटल सिंगल लेन्स रिफ्लेक्स. लेन्समधून आत आलेला प्रकाश आरशावर पडून वर व्ह्यूफाइंडरकडे वळतो. बटण दाबताच आरसा उचलला जातो, शटर उघडते आणि तोच प्रकाश सेन्सरवर पोहोचतो. तात्पर्य, तुम्ही पाहता ते ज्या लेन्समधून चित्र टिपले जाणार आहे तिच्यातूनच, आणि ही लेन्स काढून दुसरी बसवता येते. २००३ मध्ये कॅननचा ईओएस ३००डी हा ६.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा एक हजार अमेरिकी डॉलरच्या आत आला आणि व्यावसायिकांपुरते असलेले हे साधन हौशी माणसाच्या आवाक्यात येऊ लागले. २०१८ पासून निकॉन आणि कॅनन या दोन्ही कंपन्यांचा मुख्य भर आरसाविरहित, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे. त्यामुळे अनेक जण आपले चांगले डीएसएलआर विकून टाकत आहेत. नव्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही अडचण नसून संधी आहे. तिचा विचार पुढे येईल.

५.१ मेगापिक्सेलचा प्रश्न

दुकानात सर्वप्रथम मेगापिक्सेलचा आकडा सांगितला जातो. त्याचे उत्तर साध्या गुणाकाराने मिळते. ८ × १२ इंचांची उत्तम छपाई इंचाला ३०० बिंदू या प्रमाणात करावयाची, तर २४०० × ३६०० बिंदू लागतात. म्हणजे ९ मेगापिक्सेलहूनही कमी. आजच्या प्राथमिक श्रेणीतील बहुतेक डीएसएलआर २४ मेगापिक्सेलचे आहेत. तेव्हा १८ की २४ या वादात वेळ घालवू नये.

५.२ आधी विषय, मग लेन्स, शेवटी कॅमेरा

खरेदीचा क्रम बहुधा उलटा असतो. कॅमेरा ठरतो, त्याच्यासोबत १८-५५ मिलिमीटरची लेन्स मिळते आणि पैसे संपतात. ही लेन्स वाईट नव्हे. दिवसाच्या उजेडात निसर्गदृश्य, गल्ली, बाजार, घरातील माणसे यांसाठी ती पुरेशी आहे. परंतु तिचे अ‍ॅपर्चर ५५ मिलिमीटरवर एफ/५.६ पेक्षा अधिक उघडत नाही. या आकड्याचा प्रत्यक्ष अर्थ काय, हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, रात्री अंगणात एकदोन दिव्यांच्या उजेडात गोंधळ चालला आहे आणि तुम्हाला संबळ वाजवणाऱ्याचा चेहरा व हात टिपायचे आहेत. आयएसओ ३२०० वर ठेवूनही एफ/५.६ ला शटरचा वेग सेकंदाचा १/१५ मिळतो असे धरू. एवढ्या वेळात वादकाचे हात केव्हाच पुढे गेलेले असतात. चित्रात त्यांच्या जागी नुसता पुसटसा पट्टा उमटतो. आता त्याच जागी ५० मिलिमीटर, एफ/१.८ ही छोटी, स्वस्त लेन्स लावा. ती एफ/५.६ च्या सुमारे नऊ ते दहापट प्रकाश आत घेते. वेग १/१५ वरून १/३०, १/६० असा चढत १/१२५ पर्यंत जातो, आणि हात हात म्हणून दिसू लागतात. येथे कॅमेरा बदललेला नाही, हे लक्षात घ्या. दुप्पट किमतीचा कॅमेरा जुन्याच लेन्ससह आणला असता, तर एवढा फरक पडला नसता.

येथेच एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. लेन्सवर ‘व्हीआर’ (निकॉन) किंवा ‘आयएस’ (कॅनन) अशी अक्षरे असतात. ही कंपरोधक व्यवस्था तुमच्या हाताचे थरथरणे सावरते; समोरच्या माणसाची हालचाल ती थांबवू शकत नाही. गोंधळाच्या चित्रात तिचा उपयोग थोडा, लांबच्या लेन्समध्ये मात्र फार. शिवाय निकॉनची एएफ-पी ७०-३०० मिलिमीटर लेन्स व्हीआरसह आणि व्हीआरविना अशा दोन्ही रूपांत मिळते. दिसायला दोन्ही सारख्याच. खोक्यावरचे नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावे.

उजनी जलाशयाच्या काठी भिगवणला हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी हा ज्यांच्या आवडीचा विषय, त्यांचा हिशेब वेगळा आहे. तेथे ५० मिलिमीटरची लेन्स व्यर्थ; ३०० मिलिमीटरसुद्धा पुष्कळदा अपुरी वाटते. लहान सेन्सरचा मात्र येथे फायदा होतो. फिल्मच्या ३६ × २४ मिलिमीटर चौकटीच्या तुलनेत निकॉनच्या प्राथमिक डीएसएलआरचा सेन्सर सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटर असतो. त्यामुळे ३०० मिलिमीटरची लेन्स दीडपट, म्हणजे ४५० मिलिमीटरसारखे अरुंद क्षेत्र दाखवते. कॅननमध्ये हे प्रमाण १.६ पट आहे. हाच गुणाकार घरात अडचणीचा ठरतो. ५० मिलिमीटरची लेन्स ७५ किंवा ८० सारखी वागते आणि दहा बाय दहाच्या खोलीत सगळे कुटुंब चौकटीत मावत नाही. घरगुती प्रसंग हाच विषय असेल, तर निकॉनची ३५ मिलिमीटर एफ/१.८ किंवा कॅननची २४ मिलिमीटर एफ/२.८ अधिक सोयीची.

५.३ लेन्सचे नाते : माउंट आणि मोटार

कॅमेऱ्याच्या ज्या धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या कड्यावर लेन्स बसते, त्यास माउंट म्हणतात. कॅमेरा पाचसहा वर्षांत मागे पडतो. चांगली लेन्स पुढच्या कॅमेऱ्यावरही चालते. म्हणून पहिली खरेदी ही खरे तर माउंटची निवड असते.

कॅननचे गणित सोपे आहे. १९८७ पासूनच्या ईएफ लेन्समध्ये फोकसची मोटार लेन्सच्या आतच असते. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीची ईएफ लेन्स आजच्या साध्या १५००डी वरही आपोआप फोकस करते. निकॉनचे एफ माउंट १९५९ चे. परंपरा मोठी, आणि म्हणूनच भानगडीही अधिक. तिच्या जुन्या ‘एएफ-डी’ लेन्समध्ये मोटार नाही. ती कॅमेऱ्यात असावी लागते. डी३५०० सारख्या प्राथमिक कॅमेऱ्यांत ही मोटार नसते. स्वस्त मिळाली म्हणून जुनी ५० मिलिमीटर एफ/१.८डी आणली, तर लेन्स नीट बसते, चित्रही उमटते, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. धावणाऱ्या मुलामागे तो फिरवून पाहा! यासाठी ‘एएफ-एस’ अशी खूण असलेली लेन्स घ्यावी. गंमत अशी की २०१० च्या डी७००० मध्ये ही मोटार आहे, पण नव्या ‘एएफ-पी’ लेन्सशी त्याचे जमत नाही. दुकानदारास ‘बसेल का?’ असे विचारू नका. ‘माझ्या कॅमेऱ्यावर आपोआप फोकस होईल का?’ असे विचारा, आणि तेथेच बसवून पाहा.

५.४ नवा साधा की जुना वरच्या श्रेणीचा?

वरील डी३५०० आणि डी७००० यांचीच तुलना करू. डी३५०० हा २०१८ चा, २४ मेगापिक्सेलचा, वजनाने हलका. त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटीची रुंदी आणि उंची प्रत्येकी सुमारे ९५ टक्केच दिसते. म्हणजे क्षेत्रफळाचा जवळजवळ दहावा भाग चित्र काढताना तुम्हाला दिसतच नाही. कडेला घुसलेली विजेची तार नंतर कळते. डी७००० फक्त १६ मेगापिक्सेलचा आहे, पण त्यात पूर्ण चौकट दिसते. शिवाय शटरचा वेग आणि अ‍ॅपर्चर यांसाठी त्यावर दोन स्वतंत्र चाके आहेत. एकाच चाकाच्या कॅमेऱ्यात एक बटण दाबून धरून तेच चाक फिरवावे लागते. शिकणाऱ्यास हा फरक फार जाणवतो, कारण तुम्ही हे बदल दिवसातून शंभरदा करणार आहात. दुसऱ्या बाजूस, अंधारात नवा सेन्सर सरस ठरतो आणि नव्या कॅमेऱ्याबरोबर हमीपत्र मिळते. जो स्वतः तपासणी करू शकतो त्याने जुना घ्यावा, ज्याला ती जमणार नाही त्याने नवा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ही तपासणी अवघड नाही. अ‍ॅपर्चर एफ/१६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचे चित्र घ्या आणि मोठे करून पाहा. काळे ठिपके दिसले तर बहुधा सेन्सरवर धूळ आहे, ती निघते. ओरखडा निघत नाही. शटर किती वेळा उघडले, ही नोंद निकॉनच्या प्रत्येक चित्राच्या माहितीत साठवलेली असते. डी७००० चे शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेले आहे, हा आकडा तुलनेस धरावा. शेवटी लेन्स काढून तिच्या आरपार विजेरीचा प्रकाश टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी होय. कोकणच्या दमट हवेत पावसाळाभर पिशवीत राहिलेल्या लेन्सची ही नेहमीची व्याधी आहे. अशी लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नये. स्वतःची लेन्स मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावी.

हिशेब करताना जादा बॅटरी आणि मेमरी कार्ड यांचे पैसे आधीच वेगळे काढावेत. प्राथमिक श्रेणीतील निकॉन व कॅननची शरीरे पाण्यापासून संरक्षित नसतात. आषाढात वारीची चित्रे काढायची असतील, तर साधी प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड सोबत हवेच.

कृती : मित्राचा किंवा अभ्यासकेंद्रातील एखादा डीएसएलआर १८-५५ लेन्ससह दोन दिवस वापरा आणि किमान शंभर चित्रे घ्या. त्यांतील तुम्हाला आवडलेली वीस निवडून प्रत्येकाच्या माहितीत नाभीय अंतर, अ‍ॅपर्चर आणि शटरचा वेग पाहा व तक्ता तयार करा. बहुतेक चित्रे १८ जवळची आहेत की ५५ जवळची? हुकलेल्या चित्रांत दोष हाताच्या कंपाचा होता की समोरच्या हालचालीचा? या तक्त्याच्या आधारे तुम्ही पहिल्यांदा कोणती लेन्स घ्याल, ते दहा ओळींत लिहा. कॅमेऱ्याचे नाव त्यानंतरच लिहावे.