जुन्या गाडीचा पेट्रोल काटा मेलाय? मीटर बदलण्याआधी हे ६ तपास करा

काकांची, आजोबांची शेडमध्ये पडून असलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची हौस आता खेड्यापाड्यांतही दिसते. इंजिन सुरू होतं, रंग होतो, सीट नव्याने शिवून येतात. मग चावी फिरवली की कळतं, पेट्रोलचा काटा हलतच नाहीये, नाहीतर टेंपरेचरचा काटा इंडिकेटरसोबत नाचतोय. गॅरेजमध्ये विचारलं तर आमच्या भागात ठरलेलं उत्तर मिळतं : "पूर्ण मीटरच बदला लागते भाऊ."

थांबा. बहुतेक वेळा मीटर चांगलं असतं. बिघाड असतो तो त्याच्यापर्यंत येणाऱ्या आणि त्याच्यापासून परत जाणाऱ्या विजेच्या वाटेत. ती वाट एका साध्या मल्टिमीटरने घरीच कशी तपासायची, ते आज बघू.

मी राहतो सोनाळ्याला, बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. इथे जुन्या गाडीचे पार्ट मिळत नाहीत, त्यामुळे "बदलून टाकू" म्हणणं सोपं नसतं. उदाहरण म्हणून काकांची प्रीमियर पद्मिनी घेतोय. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची ही गाडी. मूळ फियाट ११००, मग १९६४ ची डिलाइट आणि १९७४ पासून पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्यांना माहीत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून कायमची उतरली. तुमच्याकडे ॲम्बेसेडर किंवा जुनी जीप असली, तरी तपासण्याची पद्धत हीच.

मूळ मीटर का जपायचं?

एक तर तसंच दुसरं सहज मिळत नाही. भंगारातून आणलेलं तितकंच जुनं असतं. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात ठेवलेल्या खासगी गाडीची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होऊ शकते. पद्मिनी नावाच्या सुरुवातीच्या गाड्या आता त्या वयात आल्यात. चांगलं मूळ मीटर भंगारात गेलं, की ते परत येत नाही.

काट्याला पेट्रोल दिसत नाही

फोनवर बॅटरी ६४ टक्के दिसते, म्हणजे कुणी आत वाकून बघितलेलं नसतं. एक चिप व्होल्टेज आणि करंट मोजते आणि अंदाज बांधते. पेट्रोलच्या काट्याचंही तसंच आहे, फक्त चिपशिवाय.

वाट अशी असते : बॅटरी → चावीचा स्विच → फ्यूज → मीटर → वायर → टाकीतला फ्लोट → टाकीचा पत्रा → गाडीची बॉडी → परत बॅटरी.

फ्लोट पेट्रोलवर तरंगतो. तो वर-खाली झाला की त्याला जोडलेला रेझिस्टन्स बदलतो, त्याप्रमाणे मीटरमधून जाणारा करंट बदलतो आणि काटा सरकतो. म्हणजे काट्याला फक्त करंट कळतो. वाटेत कुठेही गंज, रंग किंवा सैल स्क्रू आला, की काटा खोटं बोलतो.

वरच्या वाटेतला शेवटचा भाग पुन्हा वाचा. परतीची वाट वायरमधून नाही, गाडीच्या पत्र्यातून जाते. यालाच आपण अर्थिंग म्हणतो. आणि गाडी नव्याने रंगवताना सगळ्यात आधी तुटते ती हीच वाट, कारण रंगातून वीज जात नाही.

काय लागेल?

* साधा डिजिटल मल्टिमीटर
* ४७ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर (इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही रुपयांत मिळतो)
* क्लिप लावलेल्या दोन-तीन वायरी, पॉलिश पेपर, टेप
* तुमचा फोन : कुठलीही वायर काढण्याआधी फोटो काढायला

एक लक्षात ठेवा : फोनचं कुठलंही ॲप वायरमधला व्होल्ट किंवा ओहम मोजू शकत नाही. फोनमध्ये तसा सेन्सरच नसतो.

आधी सुरक्षा

डॅशबोर्डमागे हात घालण्याआधी बॅटरीची अर्थची वायर काढा. मोजायचं असेल तेवढ्यापुरतीच परत जोडा. बॉडीला कुठली वायर जाते ते डोळ्यांनी बघा. बहुतेक गाड्यांत मायनस असते, पण काही जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या गाड्यांत प्लस बॉडीला असतो. टाकीजवळचं काम उघड्यावर करा. तिथे ठिणगी, विडी-सिगारेट काहीही नको. पेट्रोलपेक्षा त्याची वाफ लवकर पेटते.

लक्षणावरून जागा ओळखा

* सगळे काटे एकदम बंद : फ्यूज किंवा मीटरला येणारा सप्लाय.
* सगळे काटे एकदम जास्त दाखवतात : स्टॅबिलायझर (याबद्दल खाली आहे).
* एकच काटा बंद : त्याची वायर, त्याचा सेन्सर किंवा सेन्सरचं अर्थिंग.
* हेडलाइट किंवा इंडिकेटर लावल्यावर काटा हलतो : मीटरचं अर्थिंग. दिव्याच्या करंटला परतीची नीट वाट मिळत नाही, म्हणून तो काट्याच्या वाटेत घुसतो.

इंडिकेटर चालू करून काट्याचा फोनवर स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. काटा त्याच तालात हलत असेल, तर अर्थिंगचा संशय जवळपास पक्का.

तपास १ : बॅटरी आणि फ्यूज

इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.४ ते १२.७ व्होल्ट दाखवते. ऑल्टरनेटर असेल, तर इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. फ्यूज नुसता बघू नका. तो बसतो त्या पितळी चिमट्यांवर हिरवट थर असेल, तर फ्यूज चांगला असूनही सप्लाय पुढे जात नाही. पॉलिश पेपरने घासा आणि फ्यूजच्या दोन्ही टोकांना व्होल्ट मोजा. दोन्हीकडे सारखा आकडा हवा.

तपास २ : मीटरचं अर्थिंग

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन मीटरच्या अर्थच्या वायरला किंवा पत्र्याच्या अंगाला. चावी ऑन करा आणि पार्किंग लाइट लावा. आकडा शून्याच्या जवळ हवा, ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत चालतो. अर्धा-एक व्होल्ट दिसला, तर अर्थिंग खराब.

"पण बीप तर वाजते!" असं बरेच जण म्हणतात. बीप मोडवर फसू नका. बीपसाठी मल्टिमीटर अगदी चिमूटभर करंट सोडतो. वायरची एकच तार उरली असली तरी तो जातो आणि बीप वाजते. शेतातल्या ठिबकच्या नळीसारखं आहे हे : कचरा अडकला तरी थेंब पडतात, म्हणून वाटतं नळी ठीक आहे, पूर्ण पाणी सोडल्यावरच खरं कळतं. म्हणून करंट चालू ठेवूनच व्होल्ट मोजायचे.

तपास ३ : मीटर आणि वायर

हा सगळ्यात कामाचा तपास आहे. चावी बंद ठेवा. फ्लोटवरची वायर काढा. चावी ऑन केली की काटा एका टोकाला जाईल किंवा तिथेच राहील. चावी बंद करा. आता त्या वायरला ४७ ओहमच्या रेझिस्टरचं एक टोक जोडा, दुसरं टोक बॉडीच्या उघड्या पत्र्याला. क्लिपा घट्ट बसल्यावरच चावी ऑन करा. जोडणी आधी आणि करंट नंतर, म्हणजे टाकीजवळ ठिणगी पडत नाही.

काटा जागचा हलला? मग मीटर जिवंत आहे आणि वायरही. बिघाड टाकीकडे आहे. नाही हलला, तर तोच रेझिस्टर डॅशबोर्डमागे थेट मीटरच्या पिनवर लावून बघा. तिथे हलला तर मधली वायर तुटलीय. वायर थेट बॉडीला टेकवायची सवय मात्र टाळा. काही मीटर त्याने जळतात.

तपास ४ : फ्लोट आणि टाकीचं अर्थिंग

फ्लोट काढला असेल तर तो कोरडा करून टाकीपासून लांब न्या. मल्टिमीटर ओहमवर ठेवा, एक पिन त्याच्या टोकाला, दुसरी त्याच्या पत्र्याला. दांडी हळूहळू वर-खाली करा. आकडा सलग बदलायला हवा. मध्येच गायब झाला, तर आतली तार झिजलीय किंवा तिच्यावर थर बसलाय.

आता टाकीचं अर्थिंग. काकांच्या गाडीत बिघाड इथेच सापडला. फ्लोट, मीटर, वायर सगळं ठीक होतं. सगळं परत जोडून चावी ऑन केली आणि टाकीचा पत्रा ते बॅटरीचा मायनस असं मोजलं, तर ११ व्होल्टच्या वर! म्हणजे करंट टाकीपर्यंत येत होता आणि तिथेच अडकत होता. टाकीखाली नवं रबर पॅकिंग, बोल्टच्या भोकांवर नव्या रंगाचा जाड थर. टाकी गाडीपासून विजेच्या दृष्टीने वेगळीच पडली होती. फ्लोटच्या स्क्रूपासून बॉडीच्या बोल्टपर्यंत एक काळी वायर टाकली. आकडा शून्याजवळ आला आणि काटा उठला. गॅरेजवाल्याने सांगितल्याप्रमाणे मीटर बदललं असतं, तर नवं मीटरही तसंच मेलेलं दिसलं असतं.

तुम्ही करताना थिंबलच्या मापाएवढाच रंग खरवडा, दातेरी वॉशर लावून बोल्ट घट्ट करा आणि वरून व्हॅसलीन फासा, म्हणजे गंज धरणार नाही.

तपास ५ : टेंपरेचर

आधी इंजिनकडून वायर येते की तांब्याची बारीक नळी, ते बघा. नळी असेल तर तो काटा विजेवर चालतच नाही.

वायर असेल तर सेन्सर काढून त्याचं टोक गरम पाण्यात धरा आणि ओहम मोजा. पाणी जितकं गरम, तितका आकडा कमी व्हायला हवा. परत बसवताना चुड्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे नको, कारण या सेन्सरचं अर्थिंग चुड्यांमधूनच होतं.

हा काटा दुरुस्त झाल्याशिवाय लांब जाऊ नका. आमच्याकडे मे महिन्यात ऊन ४५ अंशांच्या घरात जातं. घाट चढताना काटा 'थंड' दाखवत असेल आणि आत पाणी उकळत असेल, तर हेड गॅस्केट जातं. रेडिएटरचं पाणी खूप कमी झालं आणि सेन्सर उघडा पडला, तरीही काटा कमीच दाखवतो. म्हणून थंड इंजिनवर पाण्याची पातळी डोळ्यांनी बघाच.

तपास ६ : लाल दिवे

चावी ऑन केल्यावर ऑइलचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल, तर ऑइल स्विचची वायर काढून बॉडीला टेकवा. दिवा लागला तर स्विच खराब, नाही लागला तर बल्ब किंवा वायर. पण इंजिन चालू असताना दिवा विझत नसेल, तर "वायरिंगचं असेल" म्हणून चालवू नका. इंजिन बंद करा, आधी ऑइल बघा.

चार्जिंगच्या दिव्याचा बल्ब एलईडीने बदलू नका. ऑल्टरनेटरच्या बऱ्याच गाड्यांत त्या बल्बमधून जाणाऱ्या करंटनेच चार्जिंग सुरू होतं. बल्ब गेला, तर बॅटरी चार्ज होण्यातच अडचण येते.

सगळं ठीक, तरी काटा चुकतोय?

आता मीटरकडे वळा. चावी फिरवल्यावर काटा सावकाश, काही सेकंद घेत चढत असेल, तर तो गरम होऊन वाकणाऱ्या पट्टीवर चालतो. अशा मीटरला सारखा व्होल्ट लागतो, म्हणून मागे स्टॅबिलायझर नावाची छोटी डबी असते. ब्रिटिश पद्धतीत ती सरासरी १० व्होल्ट देते. फोनमध्येही असंच काम करणारा भाग असतो, फक्त तो चिपमध्ये असतो. या डबीचं स्वतःचं अर्थिंग तुटलं, की पूर्ण १२ व्होल्ट पुढे जातात आणि सगळे काटे जास्त दाखवतात. म्हणजे इथेही आधी अर्थिंगच तपासा.

थोडक्यात क्रम

बॅटरी-फ्यूज, मीटरचं अर्थिंग, वायर, फ्लोट आणि टाकीचं अर्थिंग, मग स्टॅबिलायझर आणि सगळ्यात शेवटी मीटर. प्रत्येक तपासाचा आकडा फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. गॅरेजमध्ये गेलात, तरी "काटा चालत नाही" यापेक्षा "टाकीच्या पत्र्यावर ११ व्होल्ट येतायत" असं सांगा. मग बोलणं मीटर बदलण्यावर न जाता थेट बिघाडावर येतं.